पडद्यावरचा पाऊस आणि बाहेरचा पाऊस

जुलै महिन्यात पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जायचे असेल, तर निघण्यापूर्वी माणसे काय करतात? पूर्वी चहाच्या टपरीशी थांबून घाट उतरून आलेल्या ट्रकवाल्याला विचारीत, "काय, वर कसं आहे?" आता खिशातून मोबाईल काढतात आणि मुंबईच्या हवामान रडारचे रंगीत चित्र पाहतात. निळे, हिरवे, पिवळे, लाल ठिपके. आपल्या डोंगरावर रंग दिसला नाही की म्हणतात, "वर पाऊस नाही, चला."

त्या चित्राशी माझे भांडण नाही. माझे भांडण त्या 'चला'शी आहे.

असेच चित्र मोठ्या विमानांत कित्येक वर्षांपासून आणि अलीकडे दोन-चार आसनांच्या छोट्या विमानांतही वैमानिकासमोरच्या पडद्यावर दिसते. हे चित्र कसे वाचावे आणि ते कोठे दगा देते, याचा सर्वांत कसोशीने अभ्यास विमानांच्या बाबतीत झाला आहे. कारण तेथे चुकीची किंमत ताबडतोब आणि पुरी चुकवावी लागते. म्हणून आज आपण घाटाच्याही वर जाऊ आणि वैमानिकाच्या शेजारी बसू. माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा युक्तिवाद तुम्हाला तपासून घेता येईल. वादळापासून लांब राहायचे असेल तर रडारचे चित्र उत्तम. वादळांच्या मधून वाट शोधायची असेल तर ते हातात धरू नये. हा फरक समजण्यास वैमानिक असावे लागत नाही. शाळेतले भौतिकशास्त्र पुरते.

प्रथम छोटे विमान म्हणजे काय, ते पाहू. 'सेसना १७२' हे चार आसनांचे, एका पंख्याचे विमान उड्डाणाच्या शिक्षणासाठी जगभर वापरतात. माणसे आणि इंधन भरून त्याचे वजन सुमारे अकराशे किलो, म्हणजे रस्त्यावरच्या एखाद्या मोटारीएवढेच. वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या थोडा वर. उंची फार तर चार किलोमीटर. आता गर्जन्मेघ, म्हणजे विजा चमकवणारा, गडगडाट करणारा उभा ढग, आपल्याकडे पंधरा किलोमीटरपर्यंतही चढतो. म्हणजे त्याच्या डोक्यावरून उडून जाण्याचा प्रश्नच नाही. राहिले काय? वळसा घालणे, नाही तर परत फिरणे.

आणि मधून गेले तर? साधा हिशेब करा. हे विमान पूर्ण जोर लावून सेकंदाला साडेतीन मीटर वर चढू शकते. गर्जन्मेघातून खाली कोसळणाऱ्या हवेच्या झोताचा वेग सेकंदाला दहा मीटर असला (हा काही फार मोठा आकडा नव्हे), तर वैमानिक यंत्राचा सारा जोर लावून वर चढत असतानाही विमान सेकंदाला साडेसहा मीटर खाली जात राहील. डोंगरमाथ्यापासून ते सहाशे मीटर उंच असेल, तर दीड मिनिटात हिशेब संपला.

हे नुसते कागदावरचे गणित नाही. २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलात कोसळले आणि आतील पाचही जण मृत्युमुखी पडले. चौकशी समितीने कारण दिले ते हेच, खाली जाणारा अतितीव्र झोत. समितीने आणखीही एक गोष्ट नोंदवली. अपघातापूर्वी सहा मिनिटांहून अधिक काळ दोघे वैमानिक तेलाच्या दाबासंबंधीच्या एका सूचनेचा उलगडा करण्यात गुंतले होते आणि बाहेरच्या हवामानाकडे त्यांचे लक्ष राहिले नव्हते. वैमानिकाच्या पुढ्यात आणखी एक पडदा ठेवताना ही गोष्ट विसरता कामा नये. डोळे दोनच असतात.

आता रडारकडे वळू. रडार सूक्ष्मतरंगांचे छोटे छोटे स्पंद पाठवते आणि पावसाच्या थेंबांवर आपटून परत येणारा प्रतिध्वनी टिपते. प्रकाशाचा वेग तुम्हाला ठाऊक आहेच. साठ किलोमीटर अंतरावरच्या पावसाचा प्रतिध्वनी सेकंदाच्या अडीच हजाराव्या भागात परत येतो. वेळेवरून अंतर कळते, अँटेनाच्या रोखावरून दिशा कळते आणि प्रतिध्वनीच्या जोरावरून पाऊस किती मोठा याचा अंदाज येतो. पडद्यावरचे रंग म्हणजे हा जोर. कमी जोर हिरवा, जास्त जोर लाल.

येथे एक मोठी गमतीची गोष्ट आहे आणि सारा घोटाळा तिच्यात लपला आहे. थेंब तरंगलांबीच्या मानाने बराच लहान असेल, तर त्यापासून परत येणारी शक्ती थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात असते. आकाश निळे का दिसते हे ज्या रॅले साहेबांनी समजावून दिले, त्यांचाच हा नियम. ढगातील कणाचा व्यास सुमारे ०.०२ मिलिमीटर आणि चांगल्या पावसाच्या थेंबाचा २ मिलिमीटर धरा. व्यास शंभर पट. म्हणून पाणी शंभराचा घन, म्हणजे दहा लाख पट. पण प्रतिध्वनी शंभराचा सहावा घात, म्हणजे एक लाख कोटी पट! याचा अर्थ असा की, तेवढेच पाणी धुक्याच्या कणांऐवजी पावसाच्या थेंबांत साठले, तर ते रडारला दहा लाख पट अधिक ठळक दिसते.

म्हणजे रडारला पाऊस दिसतो. ढग आणि धुके जवळजवळ दिसतच नाहीत. प्रतापगडावर पावसाळ्यात असे धुके उतरते की, पायरीवरून पुढची पायरी दिसू नये. तरी वैमानिकाच्या रडारवर तेथे काळा पडदाच राहील. डोंगरात उडणाऱ्याचा खरा शत्रू पुष्कळदा हाच असतो. २ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळी पुण्याजवळ बावधनच्या डोंगराळ भागात मुंबईकडे निघालेले हेलिकॉप्टर उड्डाणानंतर काही मिनिटांतच कोसळून तिघांचा मृत्यू झाला. त्या सकाळी तेथे दाट धुके होते. तेथे पावसाचे चित्र कितीही सुंदर असले, तरी त्याचा उपयोग काय? पडद्यावर रंग नाही, एवढ्यावरून 'आकाश मोकळे आहे' असे अनुमान काढणे म्हणजे मासे जाळ्यात आले नाहीत म्हणून नदीत पाणीच नाही असे म्हणण्यासारखे आहे.

कोरड्या गारांचेही असेच. बर्फापासून मिळणारा प्रतिध्वनी तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या थेंबाच्या मानाने सुमारे एक पंचमांश असतो. गार वितळू लागून तिच्यावर पाण्याचा थर आला की, मग ती लखलखीत दिसते.

वैमानिकाला दिसणारे चित्र दोन प्रकारांनी येते आणि दोहोंचे दोष निराळे आहेत. एक, विमानाच्या स्वतःच्या रडारचे. दुसरे, जमिनीवरच्या रडारांचे चित्र वर पाठवलेले. आधी पहिला प्रकार.

विमानाचे रडार नाकात बसवतात. २१ मे २०२५ रोजी दिल्लीहून श्रीनगरला निघालेले प्रवासी विमान गारांच्या वादळात सापडले आणि सुखरूप उतरले, तेव्हा त्याच्या फुटलेल्या नाकाची छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील. ते फुटलेले आवरण रडारवरचेच. एका पंख्याच्या छोट्या विमानात नाकावर पंखा फिरत असतो, म्हणून रडारला तेथे जागाच नसते. काही विमानांत ते पंखाखाली छोट्या डब्यात टांगतात. अशा ठिकाणी अँटेनेची तबकडी किती मोठी मावणार? समजा तीस सेंटिमीटर.

शलाका किती रुंद होईल हे तरंगलांबी आणि तबकडीचा व्यास यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. ढोबळ सूत्र असे: गुणोत्तराला सत्तरने गुणा, म्हणजे अंश मिळतात. मुंबईला कुलाब्याचे हवामान खात्याचे रडार सुमारे १० सेंटिमीटर लांबीचे तरंग वापरते आणि अशा रडारच्या तबकडीचा व्यास आठ मीटरांहून अधिक असतो. म्हणून शलाका सुमारे एक अंशाची. छोट्या तबकडीवर दहा सेंटिमीटरचे तरंग वापरले, तर शलाका तेवीस अंशांहून रुंद होईल आणि पडद्यावर सगळा काला होईल. म्हणून विमानात सुमारे ३ सेंटिमीटर लांबीचे तरंग घेतात. तरीही शलाका सात अंशांची राहतेच. साठ किलोमीटर अंतरावर तिची रुंदी सात किलोमीटरांहून जास्त भरते. तेथे पाच किलोमीटरचे अंतर ठेवून उभे असलेले दोन ढग पडद्यावर एकच दिसतील. हा दोष परवडला. ढग एकमेकांना चिकटलेले दिसले, तर वैमानिक फार तर मोठा वळसा घेईल.

परवडत नाही तो दुसरा दोष. तीन सेंटिमीटरचे तरंग दाट पावसातून जाताना झपाट्याने क्षीण होतात. जाताना क्षीण होतात आणि प्रतिध्वनी परत येतानाही होतात. त्यामुळे जोरदार पावसाच्या मागे आणखी जोरदार पाऊस असला, तर तो पडद्यावर उमटतच नाही. तेथे काळी जागा दिसते. वैमानिकाला वाटते, पहिला ढग अरुंद आहे, पलीकडे मोकळे आहे.

रात्री कशेडी घाटात दाट धुक्यात सापडलेल्या एस. टी.च्या पुढच्या आसनावर बसला असाल, तर हे चटकन कळेल. दिव्यांचा प्रकाश पुढच्या दहा-पंधरा पावलांवरच्या धुक्यातच संपतो. त्यापलीकडून प्रकाश परत येत नाही. म्हणून ड्रायव्हर असे कधी समजतो काय की, पलीकडे रस्ता रिकामा आहे? तो गाडीचा वेग कमी करतो. पडदा मात्र फसवा. धुक्याचा पांढरा पडदा आणि मोकळी काळी वाट यांतला फरक तो आपण होऊन सांगत नाही.

या एका फरकापायी घडलेला अपघात हवाई वाहतुकीच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. ४ एप्रिल १९७७. अमेरिकेत सदर्न एअरवेजचे २४२ क्रमांकाचे उड्डाण हंट्सव्हिलहून अटलांटाला निघाले होते. विमान छोटे नव्हते, डीसी-९ जातीचे जेट होते, पण धडा सर्वांना सारखाच. वाटेत वादळांची रांग होती. वैमानिकांनी रडारवर पाहिले, फट दिसली असे वाटले आणि ते आत शिरले. ती फट नव्हती, ती पावसाची सावली होती. आत प्रचंड पाऊस आणि गारा. दोन्ही एंजिने बंद पडली. वैमानिकांनी विमान घिरट्या घेत खाली आणून न्यू होप या गावाजवळच्या हमरस्त्यावर टेकवले, पण ते झाडांना, खांबांना आणि एका दुकानाला धडकले. विमानातील ६३ आणि जमिनीवरील ९ अशी ७२ माणसे मरण पावली. चौकशी मंडळाने वैमानिकांच्या अवलंबनावर नेमके बोट ठेवले: वादळातून वाट काढण्यासाठी त्यांनी विमानातील रडारवर भरवसा ठेवला होता.

आज चांगल्या शिक्षकाच्या हाताखाली शिकलेला वैमानिक एक युक्ती करतो. अँटेना थोडी खाली वळवतो. ढगाच्या मागे जमिनीचा प्रतिध्वनी दिसला, तर तेथवर तरंग पोचत आहेत. जमीनही गायब झाली, तर ती सावली आहे. तिकडे जायचे नाही. केवढी साधी आणि केवढी बुद्धीची युक्ती! मला ती फार आवडते, कारण तीत यंत्राला प्रश्न विचारला जातो: तुला दिसत नाही, की तेथे काही नाही?

आपल्या शेजारीच याचे उदाहरण आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सह्याद्रीतल्या ढगांच्या अभ्यासासाठी मांढरदेवच्या डोंगरावर रडार बसवले, तेही तीन सेंटिमीटरच्या तरंगांचे. हाच दोष त्या रडारलाही आहे. पण शास्त्रज्ञ आडव्या आणि उभ्या अशा दोन दिशांच्या तरंगांची तुलना करून क्षीणन किती झाले ते काढतात आणि चित्र दुरुस्त करतात. त्यांना टेबलाशी बसून महिनाभर विचार करता येतो. वैमानिकाजवळ दोन मिनिटे असतात.

आता दुसरा प्रकार पाहू. अमेरिकेत जमिनीवरच्या सुमारे १६० रडारांची चित्रे जोडून देशाचा एक नकाशा बनवतात आणि तो उपग्रहामार्फत किंवा जमिनीवरच्या प्रक्षेपकांमार्फत छोट्या विमानांना पाठवतात. ज्या विमानात रडार बसवायला जागा नाही, त्याच्या वैमानिकालाही शेकडो किलोमीटरपर्यंतचा पाऊस मांडीवरच्या पडद्यावर दिसतो. मोठी सोय झाली, यात शंका नाही. हे रडार दहा सेंटिमीटरचे असल्याने सावलीचा दोषही फारसा नाही. मग अडचण कोठे आहे?

अडचण घड्याळात आहे. जमिनीवरचे रडार एकदा आडवे गोल फिरते, मग तबकडी थोडी वर उचलून पुन्हा फिरते, असे करीत सारे आकाश चाळते. त्याला चार-सहा मिनिटे लागतात. मग संगणक आकडेमोड करतो, शेजारच्या रडारांची चित्रे जोडतो आणि नकाशा वर पाठवतो. पडद्याच्या कोपऱ्यात 'वय १ मिनिट' असे लिहून येते. पण हे वय नकाशा जोडल्यापासून मोजलेले असते. पाऊस प्रत्यक्ष पाहिल्यापासून नव्हे! अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने जून २०१२ मध्ये वैमानिकांना खास इशारा दिला की, टोकाच्या प्रसंगी हे चित्र दाखवलेल्या वयापेक्षा पंधरा ते वीस मिनिटे जुने असू शकते. इशाऱ्यात दोन अपघातांचा उल्लेख होता. २५ मार्च २०१० रोजी टेनेसी राज्यात ब्राउन्सव्हिलजवळ रुग्णसेवेचे हेलिकॉप्टर कोसळून तिघे ठार झाले. १९ डिसेंबर २०११ रोजी टेक्सासमध्ये ब्रायनजवळ एका पंख्याचे छोटे विमान कोसळून पाच जण गेले. दोन्ही ठिकाणी वैमानिकासमोर रंगीत नकाशा होता.

पंधरा मिनिटे म्हणजे किती? ताशी पन्नास किलोमीटर वेगाने सरकणारे वादळ तेवढ्यात साडेबारा किलोमीटर पुढे येते. नकाशात दोन लाल डागांमध्ये दहा किलोमीटरची हिरवी वाट दिसत असेल, तर विमान तेथे पोचेपर्यंत त्या जागी लाल डागच असणार. सरकण्याचे तरी गणित करता येईल; ढग वाढतात त्याचे काय? दुपारचा साधा पांढरा ढग पंधरा-वीस मिनिटांत गर्जन्मेघ होऊ शकतो. नकाशावर तेव्हा तो जन्मलेलाही नसतो. महाडला पूर आला असताना वीस मिनिटांपूर्वी काढलेला सावित्रीच्या पाण्याचा फोटो पाहून कोणी पाण्यात गाडी घालील काय? फोटो खोटा नाही. तो फक्त मघाचा आहे.

जमिनीवरच्या रडारचा आणखी एक दोष आहे आणि तो थेट पोलादपूरकरांना भोवतो. कागद-पेन्सिल घ्या. कुलाब्याहून पोलादपूरचे हवाई अंतर सुमारे १२० किलोमीटर. समजा रडारची सर्वांत खालची फेरी क्षितिजापासून अर्धा अंश वर रोखलेली आहे. १२० ला अर्ध्या अंशाच्या ज्येने, म्हणजे ०.००८७ ने गुणले की १.०५ किलोमीटर येतात. शिवाय पृथ्वी गोल आहे. जमीन शलाकेखालून वाकत जाते. हवेतल्या वक्रीभवनाने शलाकाही थोडी खाली वाकते, म्हणून पृथ्वीची त्रिज्या चार-तृतीयांश पट धरून हिशेब करतात. १२० चा वर्ग १४,४००. त्याला सुमारे १७,००० ने भागले की ०.८५. बेरीज १.९ किलोमीटर. म्हणजे मुंबईचे रडार पोलादपूरच्या डोक्यावरून जवळजवळ दोन किलोमीटर उंचीवर पाहते! महाबळेश्वरचे पठारसुद्धा समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच. तेही या शलाकेच्या खालीच राहते.

आता आपला कोकणातला पाऊस कसा तयार होतो ते आठवा. समुद्रावरची ओली हवा सह्याद्रीच्या भिंतीवर चढते आणि उतारावरच, पुष्कळदा बुटक्या ढगांतून, धो धो कोसळते. थेंब मोठे होण्याचे बरेचसे काम खालच्या दोन किलोमीटरांत चालते. नेमका तोच थर दूरच्या रडारच्या नजरेखालून निसटतो. २२ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. त्या दिवशी रडारवर पाऊस दिसत नव्हता असे मी म्हणत नाही. एवढा पाऊस दिसणारच. पण चित्रात 'मध्यम' दिसणारा पाऊस आपल्या दरीत 'भयंकर' असू शकतो, हे वरचे साधे गणित सांगते. म्हणून "मोबाईलवर हिरवेच आहे" असे म्हणून घाटात शिरणाऱ्या माणसाची मला काळजी वाटते.

कोणी म्हणेल, "सर, मग चित्र नसलेले बरे?" छे! २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि महाड तालुक्यात दरडींनी गावे गिळली, तेव्हा मुंबईला डॉपलर रडार नव्हते. ते दिवस कोणालाही परत नको आहेत. छोट्या विमानांतही चित्रामुळे किती वैमानिक वेळीच मागे फिरले, याची नोंद कोठे होत नाही, कारण सुखरूप घरी पोचलेल्यांची चौकशी समिती बसत नाही. माझे म्हणणे एवढेच की, चित्र शंभर किलोमीटर अलीकडून वाचावे. तेथून त्याची वीस मिनिटांची शिळेपणाची चूक सोसता येते. वळायचे कोणत्या बाजूला, उतरायचे कोणत्या धावपट्टीवर, की निघायचेच नाही, हे बेत त्यावरून ठरवावेत. दहा किलोमीटरवर येऊन फट शोधू लागलो, की तीच चूक जिवावर बेतते. तीव्र वादळापासून निदान वीस मैल, म्हणजे तीस किलोमीटरांहून अधिक, दूर राहावे असे अमेरिकेचे हवाई खाते सांगते. हा आकडा मोठा वाटला तर वरचे साडेबारा किलोमीटर पुन्हा आठवा.

चित्र, वैमानिक आणि ढग यांची चांगली सांगड कशी असते, याचा नमुना महाराष्ट्रातच आहे. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत याच पुण्याच्या संस्थेने सोलापूर परिसरात मेघबीजनाचे प्रयोग केले. छोट्या विमानांना ढगांजवळ मुद्दाम जायचे होते. सोलापूरला खास रडार होते आणि ढग कोणता निवडायचा, वाढत कोणता आहे, यासाठी अनेक साधनांनी माहिती घेतली जात होती. तेथे पडदा हा अनेक साक्षीदारांपैकी एक साक्षीदार होता.

आता शिक्षकांशी दोन शब्द. आपल्या पुस्तकांत 'सूक्ष्मतरंगांचा उपयोग: रडार' एवढी एक ओळ असते आणि परीक्षेत ती एका गुणाला येते. मुलगा ती पाठ करतो, गुण मिळवतो आणि संध्याकाळी मोबाईलवर तेच चित्र पाहून घाटात मोटारसायकल घालतो. पाठातल्या ओळीचा आणि त्या चित्राचा काही संबंध आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. मला हे खटकते. व्यासाचा सहावा घात, शलाकेची रुंदी, पृथ्वीचा गोलावा, वेळेचा फरक, हे चारही हिशेब दहावीच्या मुलाच्या आवाक्यातले आहेत. एक तास पुरेल.

आणि मुलांनो, तुम्ही शिक्षकांची वाट पाहू नका. पाऊस असेल त्या दिवशी मुंबईच्या रडारचे चित्र दर पंधरा मिनिटांनी उतरवून ठेवा. प्रथम त्यावरची वेळ वाचा. ती बहुधा जागतिक प्रमाणवेळ असते. तीत साडेपाच तास मिळवा. ०६:१२ लिहिले असेल तर आपले ११:४२. तुमच्या घड्याळात किती वाजले? फरक वहीत लिहा. मग एक ठळक डाग निवडा, दोन चित्रांवरून त्याचा वेग काढा आणि तो आपल्या गावावर केव्हा येईल ते आधी लिहून ठेवा. शाळेत पर्जन्यमापक नसेल, तर सरळ कडांचा डबा आणि पट्टी चालेल. तिसरा रकाना असा करा: चित्र काळे असताना प्रतापगडाच्या बाजूचे डोंगरमाथे दिसत होते काय? हो किंवा नाही, एवढेच लिहायचे. जून ते सप्टेंबर अशा नोंदी ठेवल्यात, तर तिसऱ्या रकान्यात किती 'नाही' जमले ते मोजा आणि आम्हाला कळवा.